एकच वॉट तीनदा मोजा : छोट्या सर्व्हर रूमच्या विजेचं गणित

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी आमच्या लॅबचे सहाच्या सहा सर्व्हर बंद पाडले. तेही हात न लावता. मी त्या वेळी घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो.

अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं गाव, जानेवारी महिना, शुक्रवार. बाहेर बर्फ. लॅबची सर्व्हर रूम म्हणजे पूर्वीची स्टोअररूम, आणि तिथलं विजेचं सगळं नियोजन माझं. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते, म्हणजे दोन केबल. मी एक केबल 'अ' सर्किटवर लावली, दुसरी 'ब' सर्किटवर. एक सर्किट गेलं तरी दुसरं आहेच. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीत कुणीतरी टेबलाखालचा छोटा हीटर लावला. थंडी होती, त्यात त्या माणसाची काही चूक नाही. पण ते सॉकेट माझ्याच 'अ' सर्किटवर होतं. 'अ'चा ब्रेकर पडला. सगळा भार 'ब'वर गेला, आणि काही मिनिटांनी 'ब'सुद्धा पडला. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं सिम्युलेशन एकोणीस दिवसांपासून चालू होतं. ते चेकपॉइंटची फाइल दर वेळी त्याच नावानं, जुनी पुसून लिहीत असे. वीज गेली ती नेमकी फाइल लिहिली जात असताना. अर्धवट फाइल उरली, एकोणीस दिवस गेले. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे सांगायचं कारण असं, की हे काम कधीतरी तुमच्याकडेही येणार आहे. लॅबमध्ये असाल, दहा माणसांच्या स्टार्टअपमध्ये असाल किंवा एखाद्या छोट्या ऑफिसात, "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग हे सर्व्हरचं बघ जरा" असं कुणीतरी म्हणतंच. आणि सर्व्हरबद्दल वाचायला भरपूर मिळतं, पण भिंतीतल्या सॉकेटबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून आज फक्त सॉकेटबद्दल बोलू.

माझं कुठे चुकलं?

आधी आकडे बघू. सहा सर्व्हर, पूर्ण जोरात चालताना प्रत्येकी साधारण ५०० वॉट. एकूण ३००० वॉट. अमेरिकेत भिंतीत १२० व्होल्ट असतात. वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात : ३००० भागिले १२० म्हणजे २५ अँपिअर. दोन सर्किटांत वाटले की प्रत्येकी साडेबारा. ब्रेकर होते २० अँपिअरचे. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमांनुसार तीन तास किंवा जास्त वेळ सलग चालणारा भार साधारणपणे ब्रेकरच्या ८० टक्क्यांत बसवायचा असतो, म्हणजे २० च्या ब्रेकरवर १६ अँपिअर. साडेबारा सोळापेक्षा कमीच. मी निवांत झालो.

मग दीड हजार वॉटचा हीटर आला, म्हणजे आणखी साडेबारा अँपिअर. 'अ'वर २५ झाले. २० चा ब्रेकर २५ ला लगेच पडत नाही, काही मिनिटं सहन करतो आणि मग पडतो. तो पडल्यावर सहाही सर्व्हरनी आपला पूर्ण भार 'ब'वर टाकला. तिथेही २५ झाले. त्यानंही काही मिनिटं सहन केलं.

म्हणजे माझ्याकडे एकाला पर्याय म्हणून दुसरं सर्किट नव्हतंच. एकच काम अर्धंअर्धं करणारी दोन सर्किटं होती. एक जाताच दुसऱ्यानं जाणं ठरलेलंच होतं. दोन केबल आहेत म्हणून आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, पण खरा प्रश्न वेगळा आहे : एक गेल्यावर दुसरी *सगळा* भार एकटी ओढेल का? ओढणार नसेल तर दुसऱ्या केबलनं फक्त तुमची झोप गाढ होते, बाकी काही होत नाही.

हा प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. सर्व्हरमध्ये गेलेला प्रत्येक वॉट तीन ठिकाणी हिशेबाला येतो : आधी वायरमध्ये, मग बॅटरीमध्ये आणि शेवटी हवेमध्ये. तिन्ही ठिकाणी तोच वॉट मोजायचा, आणि तिन्ही ठिकाणी तोच प्रश्न विचारायचा.

आधी यादी

आमच्या घरी लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टर आला. बसवायला आलेल्या वायरमननं बाबांना पहिला प्रश्न विचारला, "साहेब, काय काय चालवायचंय?" बाबा म्हणाले, "सगळं." तो हसला आणि भिंतीला टेकून बसला. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर यादी तयार झाली : दोन पंखे, दोन ट्यूबलाइट, एक टीव्ही. फ्रिज नाही, मिक्सर नाही, गीझरचं नावच नको. मला तेव्हा वाटलं होतं की हा माणूस कामचुकार आहे. आता कळतं की त्या घरातलं विजेचं खरं नियोजन त्या अर्ध्या तासात झालं.

तुम्हीही तसंच करा. खोलीतली प्रत्येक वस्तू कागदावर लिहा आणि तिच्यापुढे दोन गोष्टी नोंदवा : ती किती वॉट खाते, आणि वीज गेल्यावर ती चालू राहायलाच हवी का.

वॉटचा आकडा पॉवर सप्लायच्या लेबलवरून घेऊ नका. लेबलवर '७५० वॉट' लिहिलेलं असतं ती त्याची क्षमता आहे, रोजचा खुराक नाही. भिंत आणि केबल यांच्यामध्ये लावायचा साधा प्लग-इन मीटर स्वस्तात मिळतो. बऱ्याच सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्क्रीनवरही चालू क्षणाचे वॉट दिसतात. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही केबलींचे आकडे मिळवायला विसरू नका. आणि मोजताना सर्व्हर रिकामा ठेवू नका, सगळे कोअर कामाला लावून मोजा. रिकामा असताना १५० वॉट खाणारं मशीन कामाला लागल्यावर ५०० खाऊ शकतं, आणि जीपीयू असतील तर हे अंतर आणखी वाढतं.

'चालू राहायलाच हवं का' या रकान्यात लोक मोठी मशीन्स लिहितात आणि नेटवर्क स्विच विसरतात. स्विच बंद पडला की "आता व्यवस्थित बंद व्हा" हा निरोपही सर्व्हरपर्यंत पोचत नाही. छोटा, फारतर तीस-चाळीस वॉटचा डबा, पण यादीत तो सगळ्यात वर हवा. त्याखाली स्टोरेज. गणितं करणारी मशीन्स सगळ्यात खाली : ती नीट बंद झाली तरी पुरे.

पहिला हिशेब : वायर

यादीची बेरीज झाली की सर्किटकडे या. २० अँपिअर, १२० व्होल्ट, त्याचे ८० टक्के म्हणजे १९२० वॉट. अ आणि ब अशी दोन सर्किटं घेतली तरी आपला प्रश्न लावला की मर्यादा १९२० च राहते, दुप्पट होत नाही. माझ्या सहा सर्व्हरपैकी तीनच त्यात नीट बसत होते.

मग ३००० वॉटचं काय करायचं? जास्त व्होल्टेज मागायचं. अमेरिकेतल्या बऱ्याच ऑफिस इमारतींत थ्री-फेज वीज येते आणि दोन फेजच्या मध्ये २०८ व्होल्ट मिळतात. हा विचित्र आकडा १२० गुणिले वर्गमूळ तीन यातून येतो. भारतातले २३० आणि ४०० याच नात्यानं बांधलेले आहेत. २०८ वर ३००० वॉट म्हणजे साडेचौदा अँपिअरच्या आत. ३० अँपिअरचं सर्किट घेतलं तर ८० टक्क्यांनी २४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ५००० वॉट. अशी दोन सर्किटं असली की प्रत्येक एकटं सगळा भार ओढतं आणि वर दोन-तीन नव्या सर्व्हरला जागाही उरते. बहुतेक सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर '१०० ते २४० व्होल्ट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्यांना हे चालतं. तरी प्रत्येक लेबल वाचा. एखादा जुना मॉनिटर किंवा मोडेम फक्त १२० चा निघतो.

लंडनला किंवा दुबईला असाल तर तुमच्या साध्या सॉकेटमध्येच २३० च्या आसपास व्होल्ट आहेत, त्यामुळे अँपिअर जवळपास निम्मे होतात. पण ब्रिटिश पद्धतीच्या प्लगच्या आत जास्तीत जास्त १३ अँपिअरचा फ्यूज असतो. एका प्लगवर पट्टी आणि पट्टीवर अख्खा रॅक लावलात तर सगळ्यात कमकुवत कडी तो फ्यूज असतो. आकडे बदलतात, प्रश्न बदलत नाही.

इलेक्ट्रिशियनशी बोलताना दोन शब्द स्पष्ट सांगा : 'स्वतंत्र सर्किट'. म्हणजे त्या ब्रेकरवर तुमच्या सॉकेटशिवाय दुसरं काहीही नको. शेजारच्या खोलीचा प्लग नको, व्हॅक्यूम क्लीनर लावतात तो कॉरिडॉरमधला प्लगही नको. पॅनेलच्या दारावर चिकटवलेल्या जुन्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. माझ्या चिठ्ठीवर 'स्टोअररूम' एवढंच लिहिलेलं होतं. कोणतं सॉकेट कोणत्या ब्रेकरवर आहे हे शोधायचं उपकरण इलेक्ट्रिशियनकडे असतं, त्याच्याकडून तपासून घ्या. आणि पॅनेल स्वतः उघडू नका. तुम्ही कितीही डॉक्टरेट केलेली असो, ते काम परवानाधारक माणसाचं आहे. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडणं तर घरीसुद्धा नको.

दुसरा हिशेब : बॅटरी

यूपीएस विकत घेताना डब्यावर मोठ्या अक्षरात व्हीए लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात वॉट. दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात आणि बहुधा वॉटची मर्यादा आधी गाठली जाते. '३००० व्हीए' असं लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात २७०० वॉटचाच असू शकतो. शिवाय १२० व्होल्टच्या एवढ्या मोठ्या यूपीएसचा प्लग बहुतेक वेळा ३० अँपिअरचा, पिळून बसवायचा असतो. तो साध्या सॉकेटमध्ये जात नाही. पन्नास-साठ किलोचा खोका तिसऱ्या मजल्यावर चढवल्यावर हे कळलेले लोक मला माहीत आहेत. आधी प्लगचा फोटो बघा, मग ऑर्डर करा.

आता आपला प्रश्न इथे लावू. चांगली आणि नेहमीची पद्धत अशी, की एक केबल यूपीएसवर आणि दुसरी थेट भिंतीतल्या सर्किटवर. कारण यूपीएस हीसुद्धा बिघडणारी वस्तू आहे, तो बिघडला तर भिंत आहे. रोज यूपीएसच्या स्क्रीनवर १५०० वॉट दिसतात, खाली 'उरलेली मिनिटं' दिसतात, आणि आपण समाधानानं दार लावतो. पण इमारतीची वीज गेली की भिंतीकडची केबल मेली. सगळे ३००० वॉट एका क्षणात यूपीएसवर येतात. २७०० वॉटचा यूपीएस ओव्हरलोड होऊन तिथल्या तिथे बंद पडतो. ज्या क्षणासाठी तो घेतला, नेमक्या त्याच क्षणी. तो पुरेसा मोठा असला तरी स्क्रीनवरची मिनिटं खोटी ठरतात. भार दुप्पट झाला की वेळ निम्म्याहूनही कमी उरतो, कारण बॅटरीतून जितक्या घाईनं वीज काढाल तितकी ती एकूण कमी देते. म्हणून यूपीएस पूर्ण भारावर निवडायचा, रोजच्या अर्ध्या भारावर नाही.

किती मिनिटं हवीत? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नाही, नीट थांबण्यासाठी आहे. पाच मिनिटं वाट बघायची, वीज परत आली नाही तर सर्व्हरना क्रमानं बंद करायचं : आधी गणितं करणारे, मग स्टोरेज. हे आपोआप करणारं 'नेटवर्क यूपीएस टूल्स' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. वीज परत येते तेव्हा उलटा क्रम हवा. सगळी मशीन्स एकदम उठली तर पंखे आणि डिस्क एकाच वेळी जोर लावतात आणि ब्रेकर पुन्हा पडू शकतो. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये चालू होण्याआधी काही सेकंद थांबायची सोय बहुधा असते. ती वापरा.

आणि बॅटरीचं वय लिहून ठेवा. यूपीएसमधल्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं टिकतात. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना हे आयुष्य अंदाजे निम्मं होतं. बसवल्याची तारीख जाड मार्करनं यूपीएसच्या तोंडावरच लिहा. तुम्ही नोकरी बदललीत तरी तारीख तिथेच राहील.

तिसरा हिशेब : हवा

सर्व्हरमध्ये गेलेले ३००० वॉट जातात कुठे? गणित होतं, उत्तर येतं, पण वीज मात्र जवळपास सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते. म्हणजे तुमची सर्व्हर रूम ही दोन हीटर रात्रंदिवस चालू असलेली, खिडकी नसलेली खोली आहे.

इथे एक ओळखीचं माप कामाला येतं. घरी आपण 'दीड टनाचा एसी' म्हणतो. हा टन बर्फाचा आहे : एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते, तितकी ओढून घेण्याची ताकद. वॉटमध्ये सांगायचं तर सुमारे ३५००. अमेरिकेतला दुकानदार हेच १२,००० बीटीयू असं सांगेल. आपले ३००० वॉट म्हणजे साधारण ०.८५ टन. मग एक टनाचा एसी पुरेल? कागदावर पुरेल, प्रत्यक्षात ओढाताण होईल. यूपीएसची स्वतःची उष्णता त्यात मिळवायची आहे. शिवाय साध्या एसीची काही ताकद हवेतला ओलावा काढण्यात जाते, आणि सर्व्हर काही घाम गाळत नाहीत. दीड टन धरा. आणि पुन्हा तोच प्रश्न : तो एसी बंद पडला तर?

हिशेब करून बघा. तीन मीटर बाय अडीच मीटरची, पावणेतीन मीटर उंचीची बंद खोली घ्या. तिच्यात साधारण चोवीस किलो हवा असते. ३००० वॉट नुसत्या त्या हवेला दर आठ सेकंदांना एक अंश तापवतील. प्रत्यक्षात भिंती आणि रॅकचं लोखंड बरीच उष्णता शोषतात, म्हणून एवढ्या वेगानं पारा चढत नाही. पण मामला तासांचा नसून मिनिटांचा आहे, हे लक्षात घ्या.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : इमारतीच्या मध्यवर्ती एसीवर अवलंबून राहू नका. तो बऱ्याच ऑफिसांत संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी कमी केला जातो, सर्व्हरना मात्र सुट्टी नसते. दुसरी गोष्ट जरा उलटी वाटेल : मोठी बॅटरी घेऊन सर्व्हर तासभर चालवायचा मोह टाळा. वीज गेली की एसीही गेला. सर्व्हर चालू आणि एसी बंद, अशा खोलीत तुम्ही वाचवलेला तासच मशीनना भाजून काढतो. पाच मिनिटांत नीट झोपलेला सर्व्हर जास्त सुखी असतो. दारापाशी एक तापमानाचा सेन्सर ठेवा आणि त्याचा निरोप दोन माणसांच्या फोनवर जाऊ द्या. दोन, कारण एकजण कुकरच्या शिट्ट्या मोजत असू शकतो.

शेवटी, केबल ओढा

त्या शुक्रवारनंतर वर्षभरानं आम्ही ती खोली नव्यानं बांधली. दोन स्वतंत्र २०८ व्होल्टची सर्किटं, पूर्ण भाराचा यूपीएस, भिंतीवर स्वतःचा एसी. सगळं कागदावर नीट बसत होतं. पण मागच्या वेळीही कागदावर नीटच बसलं होतं.

म्हणून एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांना आधी सांगून, सगळी कामं साठवून, आम्ही सर्व्हरना पूर्ण जोरात पळवलं आणि इलेक्ट्रिशियनला 'अ'चा ब्रेकर खाली पाडायला सांगितलं. मग अर्धा तास थांबलो, कारण ब्रेकर लगेच पडत नाही हे मी महागात शिकलो होतो. काही झालं नाही. 'अ' चालू करून 'ब' पाडला, पुन्हा अर्धा तास. मग दोन्ही. यूपीएसनं पाच मिनिटं वाट बघितली आणि सर्व्हर एकेक करत शांत झाले. एक झाला नाही : त्याच्यावर बंद करायचं सॉफ्टवेअर टाकायला मी विसरलो होतो. तो दोष मंगळवारी अकरा वाजता, चहाचा कप हातात असताना सापडला.

माझी ती सहकारी मैत्रीण त्या दिवशी दारात उभी होती. तिचं सिम्युलेशन पुन्हा करून केव्हाच झालं होतं, पण ती मुद्दाम आली. सगळं बंद झाल्यावर तिनं विचारलं, "आता पुन्हा कधी?"

दर सहा महिन्यांनी, मी म्हणालो. ती तारीख आम्ही लॅबच्या कॅलेंडरवर टाकली. तुमच्याकडे सर्व्हर रूमची किल्ली असेल तर आज एवढंच करा : बाकी काही बदलायच्या आधी, तुमच्या कॅलेंडरवर असा एक मंगळवार शोधून ठेवा.